मदत हवी आहे: ५५ हजारांत चांगल्या स्क्रीनचा लॅपटॉप (नागपूर)

हिशेबनीस_धरमपेठ

दिवसाला ८-९ तास टॅली आणि एक्सेल. महिन्यातून दोन-चारदा कॅटलॉगसाठी मालाचे फोटो ठीकठाक करणं. खोलीची खिडकी पश्चिमेला, दुपारी तीननंतर ऊन थेट टेबलावर. बजेट ५५ हजार, फार तर ५८. सीताबर्डीत तीन लॅपटॉप बघून ठेवलेत:

अ) १५.६ इंची, १९२०×१०८०, मॅट, २५० निट्स (उजेडाचं माप), ४५% एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप). प्रोसेसर तिघांत दमदार.
ब) १४ इंची, १९२०×१२००, मॅट, ३०० निट्स, १००% एसआरजीबी (हेही रंगांचंच माप). प्रोसेसर एक पायरी खाली, रॅम ८ जीबी, एक स्लॉट रिकामा.
क) १४ इंची ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारी स्क्रीन), ४०० निट्स, चकचकीत काच. रॅम १६ जीबी, बोर्डावरच सोल्डर केलेली.

दुकानदार म्हणतो, "२५० न ३०० मध्ये काही फरक नाही, प्रोसेसर बघा." खरं आहे का? पाच-सहा वर्षं चालायला हवा.

पिक्सेलमोजणी

दुकानदार अर्धं खरं बोलला. २५० ते ३०० हा फरक आकड्यात २०% असला तरी डोळ्याला जेमतेम जाणवतो. खरा फरक रंगात आहे, त्याबद्दल तो गप्प बसला.

४५% एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६०-६५%. लाल रंग विटकरी दिसतो आणि संत्र्याचा फोटो लावला की संत्रं शिळं वाटतं. नागपुरात यापेक्षा सोपी चाचणी नाही: पिकलेल्या संत्र्याचा एकच फोटो पेन ड्राइव्हवर न्या आणि अ, ब शेजारी ठेवून दोन्हींवर उघडा. अशा पॅनेलवर फोटोचा रंग सुधारायला गेलात तर तुम्ही लाल वाढवत राहाल आणि छापून आलेला कॅटलॉग भडक निघेल.

आणखी एक गोंधळ. काही कंपन्या "७२% एनटीएससी" लिहितात. ते जवळपास १००% एसआरजीबीएवढंच असतं, त्यामुळे ७२ बघून नाक मुरडू नका. दोन्ही आकडे लिहिलेले नसतील तर पॅनेल ४५ वालं समजून चाला.

टिकाऊ_बिजागरी

माझं मत ब. रॅम, एसएसडी नंतर वाढवता येते. पॅनेल बदलणं तत्त्वतः शक्य आहे, पण कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, पॅनेलची जाडी, धरणाऱ्या पट्ट्या, हे सगळं जुळावं लागतं आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. टॅलीला अ चा जादा प्रोसेसर कळणारही नाही. ब मध्ये रिकाम्या स्लॉटात ८ जीबीची कांडी टाका, झालं.

ब च्या १६:१० स्क्रीनचा (रुंदी १६ तर उंची १०, म्हणजे जरा उंच) फायदाही धरा. १०८० ऐवजी १२०० ओळी, म्हणजे एक्सेलची नेहमीची २० पिक्सेलची रो धरली तर ६ रो जास्त. मात्र १४ इंचावर विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी करणं) १२५% ठेवावं लागेल, तेव्हा ४-५ रो समजा.

हिशेबनीस_धरमपेठ

आणि क? दिसायला तोच भारी वाटतो. ओलेड काहून नको?

पिक्सेलमोजणी

फोटो-सिनेमाला उत्तम, तुमच्या कामाला नाही. टॅलीच्या पट्ट्या आणि टास्कबार रोज आठ तास एकाच जागी राहणार, वर्षानुवर्षं. तिथे डाग बसण्याचा धोका नेमका असाच असतो. एक्सेलचं पांढरं पान ओलेडला बॅटरीच्या दृष्टीनेही महाग, कारण पांढरं दाखवताना प्रत्येक पिक्सेल पेटतो. वर चकचकीत काच, म्हणजे दुपारी तीननंतर पत्रकात तुमचाच चेहरा.

लुकलुकही तपासा. ब्राइटनेस २०-२५% वर आणा, पांढरं पान उघडा आणि स्क्रीनसमोर पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसल्या तर पॅनेल वेगाने चालू-बंद होतंय. काहींचं डोकं त्यानेच दुखतं. ही चाचणी ब वरही करा, बॅकलाइट आहे म्हणून गृहीत धरू नका.

सीताबर्डी_फेरी

दुकानात बघताना चार्जर लावून बघा. बॅटरीवर काही लॅपटॉप स्क्रीन आपोआप मंद करतात आणि चांगलं पॅनेल वाईट ठरतं. दुकानाचा डेमो व्हिडिओ बंद करा, त्यावर सगळंच छान दिसतं. करड्या रंगाची काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी आणि पूर्ण काळं चित्र, दोन फाइली पुरे. काळ्यावर कोपरा उजळ दिसला तर डोकं बाजूला करा: उजेड सरकला, फिका झाला तर तो आयपीएस जातीच्या पॅनेलचा स्वभाव, जागचा हलला नाही तर पॅनेल फ्रेममध्ये दाबलं गेलंय, दुसरा नग मागा.

मुख्य सापळा नावाचा आहे. एकाच मॉडेलच्या नावाखाली ४५% वालं आणि १००% वालं, दोन्ही पॅनेलं विकली जातात. तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल कोड कंपनीच्या साइटवर टाकून बघा. डब्बा उघडल्यावर पेन ड्राइव्हवरून एचडब्ल्यूइन्फो (लॅपटॉपमधले भाग ओळखून दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा, मॉनिटरच्या रकान्यात पॅनेलचा क्रमांक सहसा सापडतो.

टिकाऊ_बिजागरी

पाच-सहा वर्षं म्हणालात म्हणून. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, वरच्या कडेच्या मधोमध धरा. कोपऱ्याच्या ओढीने एकाच बिजागरीवर पीळ पडतो आणि प्लास्टिकमधले पितळी नट उपटून येतात. मग प्रत्येक उघडझापीला स्क्रीनची फ्रेम फाकते.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. पॅड भिजून वाहत असले की हवेसोबत बारीक तुषार येतात. मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात नको. धूळ बसली की कोरडं फडकं घासू नका, आधी हलक्या ब्रशने झटका, मग मायक्रोफायबर किंचित ओला करून पुसा. पाणी सरळ स्क्रीनवर फवारलं तर ते खालच्या पट्टीत उतरतं. तिथेच पॅनेलचं सर्किट असतं आणि उभ्या रेघा तिथूनच सुरू होतात.

खिडकीचं म्हणाल तर टेबल फिरवा, खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येऊ द्या. समोर नको, पाठीशीही नको. मग ३०० निट्स पुरतात.

हिशेबनीस_धरमपेठ

ब पक्का. टेबल आजच फिरवतो. घेताना एखादा पिक्सेल मेलेला निघाला तर बदलून मिळतो का?

सीताबर्डी_फेरी

एकासाठी सहसा नाही. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत ठरावीक संख्येपर्यंतचे मेलेले पिक्सेल दोष धरत नाहीत. म्हणून बिल फाडायच्या आधी दुकानातच लाल, हिरवं, निळं, पांढरं, काळं अशी पाच कोरी चित्रं पूर्ण स्क्रीनवर लावून बघा. आणि बिलावर नुसतं नाव नको, तो पूर्ण मॉडेल कोड लिहून घ्या.