फॉलआउट ५ : कौशल्यांचे आकडे परत हवेत की पर्कचा तक्ता पुरे?

पडीक_माळ

फॉलआउट ५ ला (अणुयुद्धानंतरच्या जगातल्या व्हिडिओ गेम मालिकेचा पुढचा भाग) वेळ लागणार हे उघड आहे. आधी एल्डर स्क्रोल्स ६ आणि मगच फॉलआउट, असं हे दोन्ही खेळ बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीचे टॉड हॉवर्ड यांनी २०२२ मध्येच सांगून ठेवलं होतं. तोवर 'न्यू वेगाससारखा काढा' (न्यू वेगास हा मालिकेतला एक जुना भाग) ही एकच ओळ जिकडेतिकडे दिसते आणि तिच्यातून हाती काही लागत नाही. न्यू वेगासमधलं नेमकं काय हवंय? कोणता नियम, आणि तो का जमून आला होता?

माझ्या मते कौशल्यांचे आकडे. न्यू वेगासमध्ये १३ कौशल्यं, प्रत्येकाची कमाल १००. सुरुवातीचा आकडा म्हणजे २, अधिक संबंधित स्टॅटची (ताकद, बुद्धी असे पात्राचे मूळ गुण) दुप्पट, अधिक लक म्हणजे नशीब या स्टॅटचा अर्धा (अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक). सगळे स्टॅट ५ धरले तर प्रत्येक कौशल्य १५ वर सुरू होतं आणि टॅग केलेली (सुरुवातीलाच खास निवडलेली) तीन ३० वर. पुढे दर लेव्हलला १० अधिक इंटेलिजन्सच्या निम्मे पॉइंट, म्हणजे सरासरी साडेबारा. लेव्हल ३० पर्यंत हे साधारण ३६२ होतात. सुरुवातीचे २४० मिळवले तर ६०२, आणि सगळं पूर्ण करायला लागतात १३००. सापडणारी पुस्तकं यात धरलेली नाहीत, पण निम्म्याच्या आसपासच गाडी अडते. काय शिकायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि पात्र तिथे घडतं.

फॉलआउट ४ मध्ये ७० पर्कचा (लेव्हल वाढली की निवडायच्या खास क्षमता) तक्ता आहे आणि लेव्हलला मर्यादाच नाही. खेळत राहिलं की सगळं मिळतं. प्रश्न असा की आकडे परत आणले तर ४ मधली शस्त्रांची मोडजोड आणि वस्त्या (खेळाडूने स्वतः बांधायची गावं) यांच्याशी ते जुळतील का? कुठे अडेल?

कुलूपतोड्या

आकड्यांच्या बाजूनेच आहे, पण त्यांचा एक दोष आधी मान्य करायला हवा. न्यू वेगासमध्ये अगदी सोपी सोडली तर कुलपं २५, ५०, ७५ आणि १०० वरच उघडतात. म्हणजे लॉकपिक (कुलूप उघडायचं कौशल्य) ५१ असो की ७४, कोणती कुलपं उघडतात यात फरक शून्य. मधले पॉइंट तिथे जवळजवळ वाया जातात. फॉलआउट ४ मधला लॉकस्मिथ पर्क (पहिली पायरी लगेच, दुसरी लेव्हल ७ ला, तिसरी १८ ला) हीच गोष्ट सरळ पायऱ्यांनी करतो. त्यामुळे कुलपं आणि टर्मिनल (खेळातले संगणक) यांसाठी पर्क राहिले तरी काही बिघडत नाही.

आकडा खरा कामाला येतो तो संवादात. तिथे अटी विखुरलेल्या असतात : कुठे २५, कुठे ४५, कुठे ७०. शिवाय त्या एकट्या स्पीचच्या नसतात. स्फोटकं, वैद्यक, दुरुस्ती, बार्टर (सौदेबाजी), सगळ्यांना बोलायची जागा मिळते. शेवटच्या लढाईतला सेनापती लिजेट लेनियस याला परत पाठवायला स्पीच १०० चालतो तसा बार्टर १०० पण चालतो. आणि किती हवेत, किती आहेत हे समोर लिहिलेलं असतं. पाच कमी पडत असतील तर मासिक वाचायचं (६० सेकंद +१०) किंवा लेव्हल वाढवून परत यायचं. ही योजना आखता येते, म्हणून अपयशही पटतं.

फॉलआउट ४ मध्ये मन वळवण्याच्या पर्यायांना पिवळा, केशरी, लाल असे कठीणपणाचे तीन रंग आणि मागे लपलेला फासा, म्हणजे निकाल नशिबावर. परिणाम एकच : संवादाआधी क्विकसेव्ह (खेळाची झटपट नोंद), नाही जमलं की ती लोड. करिश्मा (बोलण्याची छाप पाडणारा स्टॅट) वाढवणारे कपडे चढवायचे ते वेगळंच. फासा ठेवायचाच असेल तर तो पात्र पहिल्यांदा भेटतानाच टाकून सेव्हमध्ये लिहून ठेवावा. मग शंभर वेळा लोड केलं तरी निकाल तोच येईल, आणि लोक निमूटपणे कौशल्य वाढवतील.

नायकाला आवाज मात्र नको. आवाज म्हटला की प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करावं लागतं, म्हणून फाटे कमी होतात. ४ मध्ये चारच बटणं आणि त्यावर दोन-तीन शब्द, त्यामुळे निवडलं एक आणि नायक बोलला भलतंच, असं व्हायचं. फॉलआउट ७६ च्या २०२० मधल्या वेस्टलँडर्स अपडेटमध्ये आणि नंतर त्याच कंपनीच्या स्टारफील्डमध्ये पूर्ण वाक्यांची यादी आणि मुका नायक परत आले, म्हणून इथे आशा ठेवायला जागा आहे. पहिल्या दोन भागांत इंटेलिजन्स ४ च्या खाली ठेवला की सगळे संवादच बदलायचे. मुका नायक असेल तर तेही शक्य आहे.

त्रैराशिक

संवादावर सगळे बोलतात, चिलखताच्या गणितावर कुणी बोलत नाही. माझी पहिली अपेक्षा तिथेच आहे.

न्यू वेगासमध्ये डीटी (चिलखत प्रत्येक गोळीतला किती मारा अडवतं तो आकडा), म्हणजे सरळ वजाबाकी. डीटी १५ असेल आणि गोळी ५० ची, तर ३५ लागतात. गोळी १० ची असेल तर वजाबाकी शून्याखाली जाते, पण किमान २० टक्के लागतातच, म्हणजे २. शत्रूच्या चिलखतापुढे आपलं शस्त्र तोकडं पडत असेल तर पडद्यावर ढालीचं चिन्ह दिसतं. खेळाडूला लगेच कळतं की बंदूक बदला किंवा चिलखतभेदी गोळ्या भरा.

फॉलआउट ४ मध्ये सूत्र असं : (०.१५ × मारा ÷ डीआर) चा ०.३६५ वा घात, आणि त्याने माऱ्याला गुणायचं (डीआर म्हणजे ४ मधला चिलखताचा आकडा). मारा आणि डीआर समान असतील तर बरोबर निम्मा मारा जातो. डीआर १०० समोर १०० ची एक गोळी ५० लागते. तोच १०० मारा २०-२० च्या पाच गोळ्यांत विभागला तर प्रत्येकी साधारण साडेपाच, एकूण २८. म्हणजे इथेही जड गोळीचाच फायदा, पण तो पडद्यावर कुठेच दिसत नाही. त्यात लेव्हलबरोबर शत्रूंचं आयुष्य वाढतं आणि लेजंडरी (खास ताकदीचा) शत्रू मध्येच रूप बदलून पुन्हा पूर्ण बरा होतो. मग मॅगझिनंच्या मॅगझिनं रिकामी केली तरी समोरचा उभाच.

डीटी आणताना एक काळजी घ्यावी लागेल. कमी माऱ्याच्या, भरभर चालणाऱ्या बंदुका उत्तरार्धात निकामी होतात. न्यू वेगासने यावर गोळ्यांचे प्रकार दिले : होलो पॉइंटचा मारा जास्त, पण समोरचा डीटीही कितीतरी पटीने वाढतो, चिलखतभेदीचं उलट. ४ मध्ये भाग बदलायचं वर्कबेंच इतकं छान आहे की गोळ्याही तिथेच भरायला द्याव्यात. दुरुस्तीचं कौशल्य तिथे आपोआप जुळेल : आकडा जितका मोठा, तितके भाग कमी झिजावेत. मूळ प्रश्नातल्या मोडजोडीला माझं उत्तर हे.

पाणीपुरवठा

वस्त्यांबद्दल : त्या काढू नका, पण हिशेब नीट करा.

४ मध्ये औद्योगिक वॉटर प्युरिफायर ५ वीज घेऊन ४० पाणी देतो. वस्तीतली माणसं दहा-पंधरा, गरज माणशी १. उरलेलं शुद्ध पाणी वर्कशॉपमध्ये साठतं आणि दुकानदाराला विकता येतं. नदीकाठच्या एका वस्तीत असे तीन बसवले की पैशाचा प्रश्न खेळभर मिटला. अणुयुद्धाने उजाड झालेल्या जगाच्या कथेत हे बसत नाही. प्युरिफायरला फिल्टर लागावा आणि तो झिजावा, एवढं पुरे.

वस्त्यांवरच्या हल्ल्यांचं जास्त खटकतं. तुम्ही पोचला नाहीत तर निकाल फाशावर लागतो आणि संरक्षणाचा आकडा भरपूर असूनही नुकसान होऊ शकतं. पोचलात तर हल्लेखोर ठरलेल्या जागी उगवतात, आणि काही वस्त्यांत ती जागा तुमच्या भिंतीच्या आतच असते. त्यामुळे भिंत बांधण्यापेक्षा उगवण्याच्या जागा हेरून तिथे टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) लावणं हाच ४ मधला उपाय. पुढच्या भागात हल्लेखोर बाहेरून चालत यावेत, म्हणजे फाटकाला अर्थ येईल.

आता इंजिन. ४ मध्ये जवळजवळच्या वस्तू एकत्र वितळवून एकच मेश (त्रिमितीय आकृती) बनवलेला असतो (प्रीकम्बाइन), आणि काय दिसणार काय झाकलं जाणार याची माहिती आधीच मोजून ठेवलेली असते (प्रीव्हिज). एखाद्या मॉडने (खेळाडूंनी बनवलेली भर) त्यातली एक वस्तू जरी हलवली, तरी त्या सेलचा (नकाशाच्या तुकड्याचा) मेश मोडतो आणि प्रत्येक वस्तू वेगळी काढावी लागते. ४ जिथे घडतो त्या बॉस्टनच्या मध्यवस्तीत फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळतात त्या बहुतेक वेळा यामुळे. 'सगळं स्क्रॅप करा' छापाचे मॉड घालून मग ग्राफिक्स कमी करत बसणाऱ्यांनी आधी लोड ऑर्डर (मॉड लागण्याचा क्रम) बघावी. मेश नव्याने मोजणारा पॅच सगळ्यात शेवटी लागतो. शिवाय भौतिकशास्त्र फ्रेमरेटला बांधलेलं, म्हणून ६० च्या वर गेलं की खेळ वेगाने पळायला लागतो. ५ मध्ये हे दोन दोष राहिले, तर वस्त्या कितीही सुधारा, खेळाडू आणि मॉडवाले दोघेही अडकतील.

पडीक_माळ

@कुलूपतोड्या, फासा सेव्हमध्ये लिहून ठेवायची कल्पना पटली. एकच शंका : पहिल्या भेटीतच निकाल ठरला तर नंतर वाढवलेल्या कौशल्याचं काय? फासा तोच ठेवून त्यात कौशल्य मिळवावं, म्हणजे वीसने वाढलेला माणूस परत येऊन जिंकू शकेल.

@त्रैराशिक, झिजणारे भाग हवेतच. ४ मध्ये पॉवर आर्मरचे तुकडे तुटतात पण बंदूक कधीच बिघडत नाही, हे विचित्र वाटतं.

कुलूपतोड्या

हो, तसंच. टाकलेला आकडा कायम, बेरीज बदलती. अट एवढीच की ती बेरीज न्यू वेगाससारखी पडद्यावर दिसली पाहिजे.

त्रैराशिक

पुढचा भाग कुठे घडावा याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. कथेत अणुबॉम्ब पडले २३ ऑक्टोबर २०७७ ला, टीव्ही मालिका चालते २२९६ मध्ये, आणि तिने पश्चिम किनाऱ्याचा बराच इतिहास ठरवून टाकलाय. पुन्हा तिकडे गेलं तर न्यू वेगासचे शेवट गुंडाळून एकच खरा धरावा लागेल. त्यापेक्षा मेक्सिकोच्या आखाताचा किनारा घ्यावा : दलदल, तेलविहिरी, वादळं. मुख्य भागांपैकी एकही तिथे घडलेला नाही, त्यामुळे कुणाचीच निवड पुसली जाणार नाही. आणि खाऱ्या पाण्याच्या काठावर प्युरिफायरचा झिजणारा फिल्टर कथेतच बसतो.