गोधड्यांना ऊन दाखवायचे दिवस

पावसाळा सरला की गोधड्यांना ऊन दाखवायचे दिवस येतात, त्याबद्दल थोडं सांगते. आमच्याकडे माळव्यात, इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला, नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी असते, त्यामुळे अर्धं अंगण सोयाबीनने भरलेलं आणि उरलेल्या जागेत खाटांवर गोधड्या, आजी दुपारी त्या उलटून काठीने झोडपायची की पावसाळ्यातला कुबट वास पार जायचा. गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचं काम आम्हा मुलींचं, पाला अगदी कुरकुरीत वाळलेला हवा, ओलसर राहिला तर धान्यालाच बुरशी धरते. त्याआधी पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे मुलींनी काढायची आकृती, वर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, रोज नवी आकृती आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी आकृती. मला तर दिवाळीपेक्षा हेच दिवस जास्त आवडतात, आणि कोजागिरीच्या आटवलेल्या दुधात चारोळी हवीच हवी!