मदत हवी आहे: आजोबांची मोडी डायरी आणि कलकत्त्याची १७६ स्क्वाड्रन

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा १९४२-४३ मध्ये कलकत्त्याला डमडम विमानतळावर स्टोअरमध्ये कारकून होते. त्यांची खिशात मावेल एवढी डायरी गेल्या महिन्यात माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. बराचसा मजकूर मोडीत आहे, मला वाचता येत नाही. १६ जानेवारी १९४३ च्या पानावर मात्र बाळबोधीत एकच ओळ आहे, "रात्री तीन पाडली." खाली पेन्सिलीने काढलेलं विमान: दोन इंजिनं, बसकं नाक आणि नाकावर बाणाचं टोक.

त्या बाणामुळेच धागा सापडला. तो रडारचा अँटेना, आणि विमान ब्यूफायटर, रात्री लढणारं ब्रिटिश लढाऊ विमान. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानं रात्री कलकत्त्यावर बॉम्ब टाकू लागली, माणसं शहर सोडून निघाली. तिथल्या ब्रिटिशांच्या हरिकेन लढाऊ विमानांत रडार नव्हतं, अंधारात शत्रू सापडणार कसा? म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या ८९ स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकडीची) ब्यूफायटर इजिप्तहून आणली आणि १४ जानेवारीला डमडमला १७६ स्क्वाड्रन उभी राहिली. दुसऱ्याच रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंगने चार मिनिटांत तीन बॉम्बर पाडले. म्हणजे आजोबांची ओळ तंतोतंत खरी! हे कळलं तेव्हा मी बराच वेळ ते पान हातात धरून बसले होते. चार दिवसांनी क्रॉम्बी हा ऑस्ट्रेलियन वैमानिक स्वतःचं इंजिन पेटलेलं असताना लढत राहिला. डायरीतलं त्या दिवसाचं पान मात्र पाण्याने पुसलं गेलंय.

आता मदत हवी आहे ती अशी. स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये 'एअर २७' या मालिकेत असतात. तिथे कुणी जाऊन आलंय का? त्यांत उड्डाणं आणि वैमानिकांची नावं मिळतात. पण स्टोअरमधल्या भारतीय कारकुनांची नावं कुठल्या कागदांत शोधायची? दिल्लीत, की तिथेच?

आणि मोडी जाणणाऱ्यांना खास विनंती. ५ डिसेंबर १९४३ ला कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर भर दिवसा हल्ला झाला, त्यात प्रिंग मारला गेला. डायरीतलं त्या तारखेचं पान काठोकाठ भरलेलं आहे, आणि भोवती काळ्या शाईची चौकट आखली आहे. एवढं मोठं लिखाण दुसऱ्या कुठल्याच दिवशी नाही. कुणी वाचून देणार असेल तर आज रात्रीच फोटो काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.