विषय: तैवानच्या नाइट मार्केटचं खाणं लॉस एंजेलिसमध्ये कुठे मिळेल?

प्रेषक: नेहा (टॉरन्स)

नमस्कार मंडळी,

लग्नाआधी प्रसाद नोकरीसाठी तैवानमध्ये शिंचूला होता. तिथल्या रात्रीच्या बाजारात उभ्याउभ्या खाल्लेल्या पदार्थांची आठवण त्याला अजून येते. जुलैत सासूबाई-सासरे येताहेत. फोनवर इतकी वर्षं हे वर्णन ऐकल्यामुळे त्यांनाही ते सगळं बघायचंय. दोघंही शाकाहारी. बाबांना अंडं चालतं. आईंचा चातुर्मास त्यांच्या मुक्कामातच लागेल, म्हणजे कांदा-लसूणही नाही. ६२६ नाइट मार्केट म्हणून इथे खाण्याचा मेळा भरतो, त्याची तिकिटं काढू का? की दुसरीकडे जावं? वयस्कर माणसांना घेऊन एवढ्या लांब यायचं, तर नीट ठरवून यावं म्हणते.

नेहा

---

प्रेषक: दिगंबर (आर्केडिया)

नेहा,

६२६ बघायला जरूर जा, पण तैवानी खाण्यासाठी नको. तो २०१२ साली पॅसाडिनात सुरू झाला आणि आता आमच्या आर्केडियात सँटा अनिटा रेसकोर्सच्या आवारात भरतो. मूळ कल्पना तैवानच्या बाजारांचीच, पण आता तिथे सगळ्या जगाचं खाणं असतं. शिवाय प्रवेश तिकीट, मोठा आवाज आणि लांब रांगा. आईबाबांना तास-दीड तासात थकवा येईल.

खरा फरक मात्र वेगळाच आहे. तैवानात एक गाडी एकच पदार्थ करते, रोज रात्री, त्याच कोपऱ्यावर, आणि कित्येक ठिकाणी दुसरी-तिसरी पिढी उभी असते. चव त्या रोजच्या हातातून येते. वर्षातून काही शनिवार-रविवार लागणाऱ्या स्टॉलवर ती कुठून येणार? ती इथे सापडते स्ट्रिप मॉलमधल्या लहान दुकानांत, नेल सलून आणि दातांच्या डॉक्टरच्या मधल्या गाळ्यात. १९६५ च्या अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यानंतर, आणि विशेषतः ७०-८० च्या दशकांत, तैवानची माणसं आधी मॉन्टेरी पार्कला आली. त्या गावाला लोक तेव्हा लिटल तैपेई म्हणायचे. पुढे ती पूर्वेकडे सरकली. म्हणून आज टेंपल सिटीत लास ट्युनास ड्राइव्हवर, नाहीतर रोलंड हाइट्सला कोलिमा रोडवर शोधा. दिन ताय फुंग या तैवानी रेस्टॉरंट साखळीने अमेरिकेतलं पहिलं रेस्टॉरंट २००० साली आर्केडियात काढलं आणि त्याचं नाव सगळे सांगतील. ते चांगलंच आहे, पण ते टेबलावर बसून जेवण्याचं ठिकाण. प्रसाद म्हणतो ते खाणं हे नव्हे.

एका दुकानात पोट भरू नका. संध्याकाळी पाचनंतर निघा, तीन-चार दुकानं ठरवा, प्रत्येक ठिकाणी एकच प्लेट घ्या आणि ती सगळ्यांत वाटून खा. रोख पैसे जवळ असू द्या. आठवड्याची सुट्टी कुठल्या दिवशी, ते आधी फोन करून विचारा.

प्रसादसाठी पहिलं यान-सू-जी. कोंबडीचे बोराएवढे तुकडे रताळ्याच्या जाडसर स्टार्चमध्ये घोळवून तळतात. शेवटच्या क्षणी त्याच तेलात मूठभर बेझिलची पानं टाकतात. तडतड आवाज होतो, पानं काचेसारखी कुरकुरीत होतात आणि वास दारापर्यंत येतो. मग कागदी पिशवीत मिरी-मीठ घालून ती हलवायची आणि बांबूच्या काडीनं खायचं. बॉक्समध्ये बंद करून घरी नेलंत तर सगळं मऊ पडेल, तेव्हा तिथेच उभं राहून खा.

दुसरं हू-ज्याओ-पिंग. काळी मिरी घातलेलं डुकराचं मांस आणि भरपूर पातीचा कांदा भरलेली ही पोळी उभ्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात. तैपेईच्या राओह बाजारात तिच्यासाठी रांगा लागतात. इथे ती कमी ठिकाणी मिळते. दिसली तर सोडू नका. पहिला घास जपून घ्या, आतला रस फार गरम असतो.

आणि कालवांचं ऑम्लेट, ओ-आ-च्येन. मी मालवणचा, त्यामुळे याबद्दल माझं मत ठाम आहे. तव्यावर आधी कालवं, त्यावर स्टार्चचं पातळ पीठ, मग अंडं आणि पालेभाजी. कडा कुरकुरीत आणि मध्य बुळबुळीत असायलाच हवा. वरचा लालसर गोड सॉस मी बाजूला मागून घेतो, कारण कालवांची खारट चव त्याखाली दबते. गोठवलेली कालवं वापरणाऱ्या दुकानात हा पदार्थ मागवूच नका.

दिगंबर

---

प्रेषक: मेधा (हॅसिएंडा हाइट्स)

नेहा,

दिगंबरदादांनी प्रसादची सोय केली, मी तुझ्या सासूबाईंची सांगते. तैवानात बौद्ध शाकाहारी पुष्कळ आहेत आणि त्यांचा नियम आपल्या चातुर्मासापेक्षाही कडक. कांदा आणि लसूण तर नाहीच, पण त्यांच्या वर्ज्य पाच पदार्थांत हिंगसुद्धा येतो. (अशा शेजाऱ्यांना जेवायला बोलावशील तेव्हा आमटीत हिंग घालू नकोस.) दुकानात शिरल्यावर ‘सू’ आहे का, एवढंच विचार, म्हणजे शाकाहारी. त्यांच्या शाकाहारी दुकानांवर आणि पाकिटांवर बरेचदा स्वस्तिक असतं. तैवानच्या पाकिटांवर अंडं, दूध, कांदा-लसूण चालतं की नाही, त्यानुसार शाकाहाराचे प्रकारही वेगवेगळे छापलेले असतात.

आमच्या गावातलं शी लाय मंदिर १९८८ मध्ये बांधून झालं. ते तैवानच्या फो ग्वांग शान या बौद्ध पंथाचं. तिथल्या भोजनगृहात दुपारी शाकाहारी जेवण मिळतं. आईंना आधी तिथे ने, त्या निर्धास्त जेवतील.

संध्याकाळी त्यांच्यासाठी रताळ्याचे गोळे घे. कुस्करलेलं रताळं, टॅपिओका स्टार्च आणि साखर, बस. तेलात पडल्यावर बाई झाऱ्यानं ते पुन्हा पुन्हा दाबते. दाब सुटला की गोळा फुगतो आणि शेवटी आतून पोकळ होतो. हे बघायला आईंना पुढे उभं कर. चे-लून-पिंग हे गोल केक आप्पेपात्रासारख्या साच्यात होतात; आत लाल चवळीचं गोड सारण. पिठात अंडं असतं, म्हणून ते फक्त बाबांना. यान-सू-जीवाले मशरूम आणि फरसबीही तळून देतात, पण कोंबडी तळलेल्याच तेलात. तेव्हा ते दोघांनाही नको. वासाचा टोफूही नको. तो ज्या पाण्यात मुरवतात त्यात पुष्कळदा सुकी कोळंबी असते.

मेधा

---

प्रेषक: नेहा (टॉरन्स)

दिगंबरकाका, मेधाताई, दोघांचे मनापासून आभार. ६२६ रद्द. शनिवारी दुपारी शी लाय, संध्याकाळी टेंपल सिटी. एकच शंका: त्यांच्या मुक्कामात आषाढी येते. बोबा, म्हणजे टॅपिओकाचे दाणे घातलेला दुधाचा चहा, उपवासाला चालेल का? आईंनी कधी प्यायला नाहीये.

---

प्रेषक: मेधा (हॅसिएंडा हाइट्स)

आपला साबुदाणा ज्या कंदाच्या स्टार्चचा, त्याचाच बोबा. माझ्या घरी चालतो. पण दुकानात पावडरचं क्रीमर घालतात, म्हणून ‘ताजं दूध’ म्हणून मागा, आणि साखर पाव सांगा. मोठी स्ट्रॉ असते. पहिल्यांदा ओढताना दाणा एकदम घशात जातो, तेव्हा सावकाश प्यायला सांग. आणि शनिवारी मंदिरात बारापूर्वी पोहोचा, नंतर पार्किंग मिळत नाही.