सरत्या वर्षाचे आवडते गेम: कुठे अडतं, कसं सुटतं

२०२५ संपत आलं. यंदा खेळलेल्यांतला प्रत्येकाने एकच गेम सांगायचा, आधीच्या वर्षी आलेला असला तरी चालेल. "भारी आहे, घ्याच" एवढ्यावर थांबू नका. नवा माणूस कुठे अडकतो, का अडकतो, आणि मध्येच लाईट गेली तर किती मेहनत वाया जाते, हेही लिहा. जून ते सप्टेंबर आपल्या गोव्यात हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. खाली गावाच्या नावाखाली तिथल्या माणसाचं उत्तर आहे.

म्हापसा

हॉलो नाइट: सिल्कसाँग. ४ सप्टेंबरला आला. यात जुने खेळाडूच जास्त आपटतात, कारण पहिल्या गेममधला नाइट हवेतून सरळ खाली वार करायचा आणि इथली नायिका हॉर्नेट सुरुवातीच्या क्रेस्टवर (क्रेस्ट म्हणजे वाराची पद्धत बदलणारं चिन्ह) तिरकी झेपावते, साधारण ४५ अंशांत. शत्रूच्या बरोबर डोक्यावर जाऊन बटण दाबलं की ती त्याला चुकवून पलीकडच्या काट्यांत जाते. वार करताना लक्ष्याच्या थोडं अलीकडे, दीडेक अंगभर अंतरावर असायला हवं आणि तोंड त्याच्याकडे. हंटर्स मार्च या भागातल्या लाल फुलांवर हेच करायचं: एका फुलावरून उसळलात की घाई नको, उसळी संपत आली की पुढचा वार. पुढे वाँडरर क्रेस्ट मिळालं की वार सरळ खाली जातो. तिरका जमतच नसेल त्यांनी ते लावावं.

आता जीव भरण्याचा हिशोब. सुरुवातीला मुखवटे, म्हणजे जीव, ५. बाइंड करायला, म्हणजे जीव भरायला, शत्रूंना मारून मिळणारं रेशीम ९ लागतं आणि ३ मुखवटे भरतात. एकच गेलेला असताना बाइंड केलं तर दोन फुकट. पण अनेक मोठे शत्रू एका फटक्यात दोन मुखवटे काढतात, म्हणून दोन उरले की तीच भरायची वेळ. "आणखी एक वार करून घेऊ" म्हटलं की खेळ संपला. बाइंड हवेतही होतं, जमिनीवर यायची वाट बघू नका.

मेलात की तिथे कोष राहतो. तो फोडल्यावर मणी (इथले पैसे) परत मिळतात, हे सगळ्यांना कळतं. त्यातून रेशीमही भरतं, हे लक्षात येत नाही. म्हणून बॉसच्या खोलीतला कोष शिरल्या शिरल्या फोडायचा नाही. मुखवटे उतरले की फोडा आणि लगेच बाइंड करा. सुटे मणी मेल्यावर कोषात अडकतात, माळेत ओवलेले आपल्याकडेच राहतात. माळेसाठी थोडे मणी जास्त मोजावे लागतात, तरी बॉसकडे जाण्याआधी ओवून घ्यावेत.

लाईट गेली तर मागच्या बाकापासून (सेव्हच्या जागेपासून) सुरुवात. दिसेल त्या बाकावर बसा.

फोंडा

क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हचा, २४ एप्रिलला आलेला. डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला आणि माझ्या मते तो मान त्याचाच होता.

लढाई पाळीपाळीने, पण शत्रूच्या पाळीत हात बांधून बसायचं नाही. वार चुकवता येतो किंवा पॅरी करता येतो, म्हणजे नेमक्या क्षणी अडवता येतो. पॅरी जमली की १ एपी (कौशल्यं वापरायला लागणारा गुण) मिळतो, आणि सगळे वार पॅरी झाले तर उलटा फटका बसतो. लोक पहिल्या तासापासून पॅरीच्या मागे लागतात आणि मार खातात. नवा शत्रू दिसला की आधी फक्त चुकवा. चुकवण्याला जास्त सवड असते, आणि वेळ अगदी अचूक साधली तर पडद्यावर 'परफेक्ट' येतं. ती वेळ पॅरीलाही चालली असती. दोन-तीनदा 'परफेक्ट' आलं की त्या वारावर पॅरी सुरू करा.

एवढं करूनही सारखी चुकत असेल तर बोटांना दोष देऊ नका, टीव्ही तपासा. गेम मोड बंद असला की चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो. ब्लूटूथ हेडफोनवर आवाजही मागे राहतो, आणि इथे बऱ्याच वारांची वेळ आवाजावरूनच कळते. वायरचे हेडफोन लावा.

पिक्टो (पात्राला लावायची वस्तू) लावून ४ लढाया जिंकल्या की त्याचा गुण ल्युमिना म्हणून, म्हणजे पिक्टो न लावताही वापरता येईल असा, शिकलात. मग तो पिक्टो काढून नवा लावायचा. जुनाच अंगावर घेऊन फिरणं, ही इथली नेहमीची चूक.

साखळी

माझा गेम २०२४चा आहे, बलाट्रो, पोकरच्या पत्त्यांचा. फोनवर चालतो, नेट लागत नाही, पैसे एकदाच. लाईट गेली तरी सोडला तिथून पुढे चालू. वाळपई-साखळीच्या पावसात याहून सोयीचा गेम मला माहीत नाही.

गुण म्हणजे चिप्स (पानांचे आणि जुळणीचे आकडे) गुणिले मल्ट (गुणक). उदाहरणच घ्या. पहिल्या स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे पहिल्या फेरीला, ३०० हवेत. हातात एकाच रंगाची राजा, गुलाम, नव्वी, छक्की, चव्वी आहे. फ्लशचे ३५ आणि पानांचे १०+१०+९+६+४, म्हणजे ३९. एकूण ७४ गुणिले ४, २९६. एकाच खेळीत फेरी जिंकणं चार गुणांनी हुकलं! पण मल्ट ४ वाढवणारा साधा जोकर बसवलेला असता तर ७४ गुणिले ८, ५९२ झाले असते. म्हणून पहिल्या दुकानातून मल्ट देणारा एखादा जोकर घेऊनच निघा.

जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात, आणि निम्मे लोक इथेच गुण सांडतात. वरच्याच फ्लशला ३ने गुणणारा जोकर डावीकडे आणि १५ वाढवणारा उजवीकडे असेल तर मल्ट १२+१५, म्हणजे २७, गुण १,९९८. बोटाने सरकवून जागा बदला: १९ गुणिले ३, म्हणजे ५७, गुण ४,२१८. पानं तीच, जोकर तेच. वाढवणारे डावीकडे, गुणणारे उजवीकडे.

पैशांचं म्हणाल तर दर ५ डॉलरला १ डॉलर व्याज, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ डॉलर शिल्लक राहतील असं बघायचं आणि त्यावरचं खर्चायचं. सुरुवातीला मात्र व्याजासाठी चांगला जोकर सोडू नका. जोकरच्या जागा पाचच, त्यामुळे आठव्या अँटीपर्यंत (शेवटच्या टप्प्यापर्यंत) गुणणारा एकही नसेल तर शेवटच्या बॉसचे १,००,००० होत नाहीत. तिथे व्हायोलेट व्हेसल हा बॉस आला तर ३,००,००० लागतात.

पणजी

ब्लू प्रिन्स. वाडा ५ बाय ९ चौकटींचा, ४५ खोल्यांचा, शोधायची ४६वी. गेममधल्या दर दिवसाला ५० पावलं, आणि दार उघडताना तीन खोल्यांतून एक निवडायची. सरळ वरच्या रांगांकडे धावलात तर कुलपं लागतात आणि किल्ल्या नसतात. आधी खालच्या रांगा भरा, पुढे रस्ता नसलेल्या खोल्या कोपऱ्यांत खपवा, किल्ल्या आणि रत्नं जमवा, मगच वर चढा. पार्लर या खोलीत वाक्यं लिहिलेल्या तीन पेट्या असतात: एक तरी पूर्ण खरी, एक तरी पूर्ण खोटी, बक्षीस एकीतच. "बक्षीस या पेटीत आहे" असं धरून तिन्ही वाक्यं तपासा. तिन्ही खरी किंवा तिन्ही खोटी ठरली की ती पेटी बाद. वही हवीच, आणि इंग्रजी बरं हवं, कारण कोडी शब्दांवर आहेत.

एप्रिलमध्ये आला तेव्हा दिवसाच्या मधोमध सेव्ह करायची सोय नव्हती. लॅपटॉपवरच खेळा.

मडगाव

स्प्लिट फिक्शन. दोघांशिवाय चालतच नाही. चवथीला घर भरलेलं असतं तेव्हा भावंडांना बसवायला उत्तम. दूर राहणाऱ्याबरोबर खेळायचं तर गेम एकानेच विकत घ्यावा, दुसऱ्याला फ्रेंड्स पास फुकट. पडदा दोघांत वाटला जातो, त्यामुळे लहान मॉनिटर नको.

वाळपई

पणजीकरांनी लॅपटॉप सुचवला ते बरोबर, पण पीसीवाल्यांचं काय? ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे सुमारे ३६० वॉट. मोठं ग्राफिक्स कार्ड ऐन लढाईत असताना लाईट गेली तर तो भार पेलत नाही आणि पीसी तिथेच बंद पडतो. १,००० ते १,१०० व्हीए घ्या, आणि तोही सेव्ह करून नीट बंद करण्यापुरताच. काही पॉवर सप्लायना स्वस्त यूपीएसचा पायऱ्यापायऱ्यांचा करंट मानवत नाही. तसं होत असेल तर शुद्ध साइन वेव्हचा लागेल.

पहिलाच मोठा गेम घेत असाल तर स्टीमचा (पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) नियम माहीत असू दे: खरेदीपासून १४ दिवसांत, आणि खेळणं २ तासांपेक्षा कमी असेल, तर पैसे परत मिळतात. तुमच्या पीसीवर तो चालतो का, हे त्या २ तासांत बघून घ्या.

वास्को

कंट्रोलरबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. हात न लावता पात्र आपसूक सरकू लागलं तर अंगठ्याने फिरवायच्या काठीखालची (स्टिकखालची) कार्बनची पट्टी झिजलेली असते किंवा तिथे धूळ बसलेली असते. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये डेडझोन (काठीची जेवढी हालचाल गेम धरत नाही ती मर्यादा) थोडा थोडा वाढवत न्या, सरकणं थांबलं की थांबा. उगाच जास्त वाढवला तर काठी जड वाटते. नवा घेताना हॉल इफेक्ट काठ्यांचा बघा; त्यात चुंबक असतो, घासण्यासारखं काही नाही. पावसात कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल शोषून भरले.

आणि म्हापशाच्या भावांनी सांगितलेला तो तिरका वार काठीने करूच नका, डी-पॅडवर (दिशांच्या बटणांवर) करा. काठी जराशी कलली की 'खाली'ऐवजी 'बाजूला' वाचलं जातं आणि वार आडवा निघतो.