‘एकमेकांचे ऐकावे’ : ऐकणे म्हणजे मानणे का?

मूळ प्रश्न

आमच्या चर्चामंडळाची नियमावली लिहिण्याचे काम नुकतेच माझ्याकडे आले. हल्ली कोणत्याही विषयावर दोन तट पडतात आणि तिसऱ्या वाक्यालाच आवाज चढतो, म्हणून ‘सदस्यांनी एकमेकांचे ऐकावे’ असे एक निरुपद्रवी वाटणारे कलम मी तीत घातले. मसुदा परत आला तेव्हा त्या कलमाखाली एका सदस्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात दोनच शब्द लिहिले होते : ‘का म्हणून?’

प्रथम मला तो निव्वळ आडमुठेपणा वाटला. वाक्य दोनदा मोठ्याने वाचल्यावर मात्र त्यांची हरकत भाषेची आहे हे ध्यानात आले. ‘मुलगा ऐकत नाही’ अशी तक्रार करणारी आई मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे नेत नाही. मुलगा सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढेच तिला म्हणायचे असते. मराठीत ‘अमक्याचे ऐकणे’ याचा रूढ अर्थ त्याचे मानणे असा आहे. मग प्रतिपक्षाचे ‘ऐकावे’ असे सांगताना आपण नकळत त्याच्यापुढे मान तुकवायलाच सांगत असतो.

‘श्रवण’ हा शब्द तपासून पाहिला. त्याच्या एका बाजूला श्रवणयंत्र आहे आणि दुसऱ्या बाजूला नवविधा भक्तीतील पहिली भक्ती. विरोधकाच्या भाषणाचे ‘श्रवण केले’ असे लिहिले की ते उपरोधिकच वाटते. ‘ऐकून घेणे’ जवळचे आहे, पण ‘काल बरेच ऐकून घ्यावे लागले’ या वाक्यात ते बोलणी खाण्यापाशी जाऊन पोचते. ‘ऐकवणे’ आणि ‘सुनावणे’ यांची तर मूळ अर्थाशी जवळपास फारकतच झाली आहे. आपले मत बाजूला न टाकता, पण ते बदलण्याची वाट मोकळी ठेवून, समोरच्याकडे लक्ष देणे याला नेमका शब्द कोणता?

पहिले उत्तर

उणीव शब्दाची नसून वाक्यरचनेची आहे. ‘तो भावाचे ऐकतो’ यात आज्ञापालन आहे; ‘तो भावाचे म्हणणे ऐकतो’ यात ते नाही. केवळ षष्ठी ठेवली की ऐकण्याचा विषय माणूस होतो आणि त्याच्याशी असलेले वडीलधाकटेपणाचे नातेही वाक्यात शिरते. ‘म्हणणे’ मध्ये घातले की विषय विधान होते, आणि विधान पटले नाही तर नाकारता येते. न्यायालयात पक्षकार आपले ‘म्हणणे’ दाखल करतात आणि न्यायाधीश ते ऐकतात, पण त्यामुळे ते त्या पक्षकाराचे ‘ऐकतात’ असे कोणी म्हणणार नाही. बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून कोणालाही दोषी ठरवू नये या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वात हेच ऐकणे अभिप्रेत आहे.

‘ऐकून घेणे’ मीही सुचवीन. ‘समजून घेणे’, ‘जाणून घेणे’, ‘शिकून घेणे’ यांत ‘घेणे’ हे सहायक क्रियापद क्रियेचे फळ कर्त्याकडे आणते. बोलणी खाण्याचा अर्थ केवळ ‘लागणे’ जोडल्याने येतो.

दुसरे उत्तर

‘केवळ’ म्हणण्याची घाई झाली, असे वाटते. ‘मी का म्हणून ऐकून घेऊ?’ यात ‘लागणे’ कोठेही नाही, तरीही अर्थ अपमान सोसण्याचाच आहे.

शिवाय शब्द बदलल्याने वृत्ती बदलेल का, अशी मला शंका आहे. ‘नम्रपणे नमूद करू इच्छितो’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्याचा शेवट कसा होतो हे आपण सर्व जाणतो. ‘आत्मपरीक्षण’ पाहा. शब्दाच्या रचनेप्रमाणे ते ज्याचे त्यानेच करायचे, पण वापर बहुधा ‘त्यांनी आत्मपरीक्षण करावे’ असा तृतीय पुरुषी आणि विध्यर्थी. ‘मी आत्मपरीक्षण केले आणि माझे चुकले होते’ हे वाक्य छापलेले शोधायला गेल्यास वेळ लागेल. औषध लिहून देणारे पुष्कळ, घेणारा विरळा.

त्यापेक्षा ‘वाद’ या शब्दाची अधोगती मला अधिक बोलकी वाटते. न्यायशास्त्रात (न्यायालयाच्या नव्हे, तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्रात) वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद तत्त्वनिर्णयासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा केवळ खोडण्यासाठी. मराठीने वादाला भांडणाच्या रांगेत बसवले, ‘वितंडवाद’ असा जोडशब्द करून पहिल्याच्या गळ्यात तिसरा बांधला, आणि जल्प हा शब्द नेहमीच्या वापरातून गेला (वस्तू मात्र मुबलक आहे). त्याच परंपरेत सिद्धान्त मांडण्यापूर्वी ‘पूर्वपक्ष’, म्हणजे प्रतिपक्षाची बाजू, आपल्या तोंडाने मांडावी लागे. ती त्याला मान्य होईल इतकी नेमकी मांडायची तर आधी नीट ऐकावेच लागते. नियमावलीत हा शब्द घ्यावा.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

‘केवळ’ मागे घेतो. ‘मी का म्हणून ऐकून घेऊ?’ हे वाक्य मी स्वतः कित्येकदा उच्चारले आहे. उत्तर लिहिताना ते आठवले नाही, कारण माझ्या नियमाला सोयीची उदाहरणेच मी आठवत होतो.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

‘पूर्वपक्ष’ शब्द घेतला नाही. अनेक सदस्यांना तो राजकीय पक्षाचा प्रकार वाटेल. त्यामागची कल्पना मात्र घेतली आहे. कलम आता असे आहे : ‘मतभेद नोंदवण्यापूर्वी सदस्याने समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि ते स्वतःच्या शब्दांत त्याला सांगून दाखवावे.’ मसुदा पुन्हा फिरवला, तेव्हा त्याच सदस्याने ‘म्हणणे’च्या अलीकडे काकपद देऊन ‘पूर्ण’ हा शब्द घातला. तो तसाच ठेवला आहे.