आफ्रिका अभ्यास केंद्रात प्रवेश घ्यावा का? नाशिकहून एक विचारणा

इतिहास_विद्यार्थिनी (नाशिक):
नमस्कार. मी यंदा नाशिकच्या एका महाविद्यालयातून इतिहास हा मुख्य विषय घेऊन बी. ए. झाले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील आफ्रिका अभ्यास केंद्रात शिकावे, असे गेले वर्षभर मनात आहे. मात्र या विचाराला दोन बाजूंनी विरोध होतो आहे. माझे एक शिक्षक म्हणतात की अशा केंद्रांत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे सगळेच थोडेथोडे शिकवतात आणि शेवटी विद्यार्थ्याला धड कशातच गती येत नाही. घरच्यांचा प्रश्न वेगळा आहे. नाशिकच्या मुलीचा आफ्रिकेशी संबंध काय आणि पुढे नोकरी कुठे, असे वडील विचारतात. ते रागावून बोलत नाहीत, काळजीने बोलतात, त्यामुळे त्यांना मला नीट उत्तर द्यायचे आहे. ज्यांनी अशा केंद्रांत शिक्षण घेतले आहे किंवा ज्यांना त्यांची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कलिना_माजी:
आपल्या शिक्षकांनी दाखवलेला धोका खरा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. पण त्यासाठी ही केंद्रे का निघाली, हे थोडक्यात सांगावे लागेल. अमेरिकेत, सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये सोडलेल्या स्पुटनिक या उपग्रहानंतर, १९५८ मध्ये एक कायदा होऊन परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला सरकारी पैसा मिळू लागला आणि त्यामागे शीतयुद्धाची गरज होती. आपल्याकडची प्रेरणा वेगळी होती. दिल्लीत १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची जी संस्था सुरू झाली, ती १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. दरम्यान १९६० या एकाच वर्षी आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले होते आणि त्यांच्याकडे लंडनच्या चष्म्यातून न पाहता स्वतः पाहणारी माणसे भारताला हवी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६३-६४ पासून क्षेत्र अभ्यासाची, म्हणजे एकेका प्रदेशाचा अनेक शास्त्रांच्या मदतीने अभ्यास करण्याची, योजना राबवली आणि त्याच योजनेतून १९७१ मध्ये मुंबईचे आफ्रिका केंद्र उभे राहिले. पूर्व आफ्रिकेशी मुंबईचा व्यापार आणि माणसांची ये-जा फार जुनी असल्यामुळे ते या शहरात असणे स्वाभाविकच होते.

आता ‘थोडेथोडे सगळे’ या आक्षेपाविषयी. चांगल्या केंद्रात प्रदेश, त्या प्रदेशाची भाषा आणि तिथे जाऊन केलेले काम या तीन गोष्टी अभ्यासाला बांधून ठेवतात. या तिन्ही नसतील तर उरते ती वर्तमानपत्री कात्रणांची वही, आणि तशा वहीवर पदवी मिळालेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून माझा सल्ला असा, की इतिहास सोडू नका. केंद्रात जाऊनही आपण इतिहासकारच राहा, कागदपत्रे वाचण्याची शिस्त तीच ठेवा आणि बाकीच्या शास्त्रांकडे आपला प्रश्न सोडवण्यासाठी जा. ज्यांनी असे केले, त्यांचे प्रबंध टिकले.

जुने_कागद:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नाशिकमध्येच आहे, आणि ते इथल्याच लोकांना ठाऊक नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, त्याला ते नाव चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या ख्रिस्ती मिशनने १८५० च्या दशकात वसवलेल्या शरणपूर या वस्तीमुळे मिळाले. अरबी समुद्रात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सोडवलेली मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांपैकी अनेकांना शरणपूरला धाडले जाई. तिथे त्यांना लिहायवाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवत. इंग्रजी कागदपत्रांत ही मुले ‘नासिक बॉइज’ या नावाने येतात.

आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध ब्रिटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ मध्ये तिथल्या आपल्या अखेरच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्या तुकडीत या शाळेतले नऊ जण होते. जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी पाठवलेल्या तुकडीतून गेला. १ मे १८७३ रोजी, आज जो देश झांबिया म्हणून ओळखला जातो तिथे, लिव्हिंगस्टन वारला. सहकाऱ्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले, त्या वेळची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावरचा मजकूरही त्यानेच कोरला. मग मृतदेह वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून या माणसांनी तो महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकमध्ये शिकलेला हा तरुण होता. त्याने लिहिलेली दैनंदिनी आजही वाचायला मिळते.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. शरणपूर उभारणारे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस नंतर आजच्या केनियातील मोंबासा बंदराला गेले आणि तिथे १८७५ च्या सुमारास मुक्त गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसले. हे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे. इकडून गेलेल्या आफ्रिकी कुटुंबांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणू लागले. त्यांचे वंशज आजही त्या भागात आहेत.

आता हीच गोष्ट प्रबंध म्हणून लिहायची ठरवली तर काय लागेल, ते पाहा. आरमाराची आणि मिशनची कागदपत्रे वाचण्यासाठी इतिहास हवा. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरील लवंगेच्या मळ्यांना गुलाम का लागत, हे कळण्यासाठी अर्थशास्त्र हवे. मोंबासात परतलेली ही माणसे स्थानिकांना परकी का वाटली, यासाठी समाजशास्त्र हवे. आणि वंशजांशी बोलण्यासाठी पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली भाषा हवी. एकाच शास्त्राच्या विभागात बसून हे काम पुरे होत नाही. सुरुवात करायची असेल तर १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर पाहा, मग मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात जा. चर्च मिशनरी सोसायटीची मूळ कागदपत्रे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत, पण ती पुढची पायरी झाली.

डाळ_बाजार:
मी विद्यापीठातला माणूस नाही, कडधान्याच्या व्यापारात आहे. तरीही लिहितो, कारण वडिलांना इतिहासापेक्षा हे अधिक पटेल. आपण जी तूरडाळ खातो, तिच्यातली बरीच तूर मोझांबिक, टांझानिया आणि मलावी या देशांतून येते. बाजारात मोझांबिकच्या तुरीला ‘गजरी’ म्हणतात, टांझानियाच्या तुरीला ‘अरुषा’. भारत आणि मोझांबिक यांच्यात २०१६ मध्ये तुरीच्या आयातीचा करार झाला आणि त्यात पुढे वर्षाला २ लाख टनांपर्यंत माल आणण्याचे ठरले. तिकडचा माल सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आपल्या बंदरांवर लागतो, म्हणजे आपल्या शेतकऱ्याची तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येण्याच्या आधीच भाव ठरू लागतो. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नकाला बंदरात निर्यातदारांच्या न्यायालयीन वादामुळे माल अडकला, तेव्हा इथे आमच्यापैकी कोणालाच नक्की काय चालले आहे ते सांगता येईना. तिथले कायदे, पोर्तुगीज भाषेतली कागदपत्रे, उत्तरेकडच्या प्रांतांतला छोटा शेतकरी, बंदरातले राजकारण हे सगळे एकत्र समजणारा मराठी माणूस त्या वेळी मिळाला असता, तर त्याला व्यापाऱ्यांनीच नव्हे, शेतकऱ्यांच्या कंपन्यांनीही बोलावून घेतले असते. ताई, असे शिक्षण नोकरीच्या बाजारात लगेच विकले जाईल असे मी म्हणणार नाही, पण त्याची गरज मला डोळ्यांसमोर दिसते.

राज्यशास्त्र_अध्यापक:
वरील सर्व मुद्दे मान्य करूनही नोकरीविषयी एक व्यावहारिक बाब स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेच्या यादीत ‘आंतरराष्ट्रीय व क्षेत्र अभ्यास’ असा विषय आहे, त्यामुळे पात्रता मिळवता येते. परंतु आपल्या भागातील महाविद्यालयांत जागा निघतात त्या इतिहासाच्या किंवा राज्यशास्त्राच्या. क्षेत्र अभ्यासाची पदवी या विषयांशी समकक्ष आहे की नाही, यावरून उमेदवार अडल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत. ज्ञानाच्या दृष्टीने हा अन्याय आहे, पण तो आहे हे गृहीत धरावे लागेल. प्राध्यापकीच करायची असेल तर आधी इतिहासात एम. ए. आणि त्याच विषयात नेट करावे, व पीएच.डी.साठी आफ्रिका केंद्रात यावे. हा मार्ग एखादे वर्ष लांबवतो, पण दोन्ही दारे उघडी ठेवतो. पत्रकारिता, निर्यात क्षेत्र किंवा धोरण संशोधन यांचा विचार असेल, तर थेट केंद्रात जाण्यास माझी हरकत नाही.

इतिहास_विद्यार्थिनी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शरणपूरची माहिती मी आज वडिलांना वाचून दाखवली; त्यांनी तुरीचा परिच्छेद स्वतः दोनदा वाचला. मला अध्यापनच करायचे असल्यामुळे आधी इतिहासात एम. ए. करण्याचा मार्ग योग्य वाटतो. एकच शंका उरते. या दोन वर्षांत भाषा कोणती धरावी, स्वाहिली की पोर्तुगीज?

कलिना_माजी:
शरणपूर आणि मोंबासा हा विषय घेणार असाल तर स्वाहिली. केनिया आणि टांझानियात ती सर्वत्र चालते आणि आफ्रिकी संघाच्या अधिकृत भाषांपैकीही ती एक आहे. पोर्तुगीज मोझांबिकसाठी लागेल, आणि ती गोवा विद्यापीठात नंतरही शिकता येईल. केंद्राची माहितीपुस्तिका मागवाल तेव्हा भाषेचे वर्ग त्या वर्षी प्रत्यक्ष भरतात का, हे कार्यालयात समक्ष विचारा. भरत नसतील तर एम. ए.च्या पहिल्या वर्षापासूनच बाहेर शिकायला लागा.